सुत देऊन निघालो

बाबांनी अन्न सोडलं त्याला सहा दिवस झाले होते, आणि ते माझ्यामुळे झालं होतं. हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगायला गेले तर मी स्वतःला वाचवायला बघेन.

माझे बाबा खुशालराव, वय सत्त्याऐंशी. भातकुलीच्या रस्त्याला आमचं झेंडू-शेवंतीचं वावर आहे, ते आता भाऊ आणि सीमावहिनी पाहतात. पण अमरावतीच्या फुलबाजारात बाबांना कोणी फुलवाले म्हणून ओळखत नाही, कीर्तनकार म्हणून ओळखतात. साठ वर्षं सकाळी फुलं तोडली आणि संध्याकाळी चिपळ्या घेऊन देवापुढे उभे राहिले. मी शालू, त्यांची थोरली लेक. नवरा गेल्यापासून माहेरीच आहे. कीर्तनाच्या दिवशी बाबांच्या गळ्यात पडायचा हार मी ओवते आणि पुढच्या रांगेत बसून टाळी देते. देवाने मला गळा दिला नाही, कान दिले, आणि त्या कानांनी मी बाबांचं कीर्तन हजारदा तरी ऐकलं असेल. एकदाही जांभई आली नाही. बाबा गायला लागले की मला वाटायचं, देव शेजारच्या सतरंजीवर येऊन बसला आहे आणि त्याचाही पाय ताल धरतो आहे.

त्यांच्या उत्तररंगातलं एक आख्यान जिल्हाभर गाजलेलं. ते आमच्याच घरातलं, पणजोबांचं. पणजोबा नत्थुजी माळी, तेही कीर्तनकार. मिरिच देशात, म्हणजे आजच्या मॉरिशसला, आपली माणसं उसाच्या कामावर गेली आहेत, तिथे त्यांना नाम सांगणारा कोणी नाही आणि त्यांची पोरं देवाचं नावही विसरत चालली आहेत, असं त्यांच्या कानावर आलं. झालं, नत्थुजी समुद्रापार निघाले. मागे बायको वच्छला आणि दोन मुलगे, सात वर्षांचा श्रावण आणि चार वर्षांचा देवमन. मिरिचहून दोन पत्रं आली म्हणतात, पुढे काही नाही. मग वच्छलेने धाकट्या देवमनला अकोल्याच्या आपल्या बहिणीच्या ओटीत टाकलं. बहिणीला मूलबाळ नव्हतं. श्रावण घरी राहिला, तो माझा आजोबा.

या जागी बाबा वीणा छातीशी धरून थांबायचे. पखवाजही थांबायचा. मग खालच्या आवाजात म्हणायचे, "तो समुद्र ओलांडून गेला, आणि हिला एक उंबरा सांभाळता आला नाही. निघालेल्याचं काळीज मोठं, माय, मागे राहिलेलीचं लहान." बाया डोळ्याला पदर लावायच्या. मीही लावायची, दर वेळी.

नत्थुजींनी मुंबईच्या बंदरावर जहाजात चढण्याआधी एक वही सोबत्याच्या हाती घरी पाठवली होती. अकरा पानं, सगळी मोडीत. ती लाल फडक्यात बांधून आमच्या देव्हाऱ्यात असायची. गुरुपौर्णिमेला तिला हळदकुंकू, शेवंतीचा हार, पेढ्याचा नैवेद्य. बाबा मोठ्या सप्ताहाला ती डोक्यावर घेऊन मंडपात जायचे. शंभर वर्षं आम्ही ती पुजली. वाचली कोणीच नाही, कारण मोडी कोणालाच येत नव्हती, आणि आत काय असेल ते आम्हाला आख्यानातून माहीतच होतं.

वाचून घ्यायची कल्पना माझी. बाबांच्या वाढदिवसाला काय द्यावं, तर हे द्यावं. अकोल्यात माधवी मॅडम आहेत, कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, मोडी जाणतात. त्यांना पानांचे फोटो पाठवले. पंधरा दिवसांत त्यांनी सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून पोस्टाने पाठवलं, आणि फोन करून सांगितलं की एका शब्दावर मी प्रश्नचिन्ह टाकलंय, तेवढं बघा. मी हो हो म्हटलं. आनंदात होते, ऐकलं आणि सोडून दिलं.

वाढदिवसाच्या दुपारी बाबा खाटेवर मांडी घालून बसले. कीर्तनाची पगडी घातली होती. मी वाचायला लागले.

"शके १८३३, फाल्गुन शुद्ध दशमी. बडनेऱ्यास गाडीत बसलो. पाय मागे ओढतात. त्यांस म्हणतो, तिकडे आपली लेकरे नामाविण आहेत, चला."

बाबांनी डोळे मिटले आणि बोटांनी मांडीवर ठेका धरला.

"एकादशी. आकोल्यास मुक्काम. द्वादशीस सकाळी सुत देऊन निघालो. हात हलके जाले."

ठेका थांबला.

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. तसंच वाचलं. सुत. जन्मभर देवकीसुत, नंदसुत ऐकलेली माझी जीभ, ती दुसरं काय वाचणार? सुत म्हणजे लेकरू. माळ्याची लेक मी, रोज सकाळी सुताची गुंडी हातात घेऊन बसते, हार ओवते, आणि तरी त्या क्षणी मला सूत म्हणजे धागा आठवला नाही. मॅडमनी त्या शब्दाच्या डोक्यावर प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते डोळ्याला दिसलं, पण तोंडाने प्रश्नचिन्ह वाचता येत नाही.

बाबा म्हणाले, पुढचं वाच. मी वाचत गेले. मुंबईला बंदरावर सात दिवस पडून होते नत्थुजी. "जहाज केव्हा सुटेल विचारतो, कोणी धड सांगत नाही. पाणी पाहिले. इतके पाणी, आणि पिण्यास एक ओंजळ नाही." दुसऱ्या एका पानावर, "आज सायंकाळी काठावर एकटाच कीर्तनास उभा राहिलो. दोन खलाशी बसले. भाषा कळेना, तरी बसले. परत जावे वाटते. तोंड कोणते दाखवू." आणि शेवटचं, "वही सोबत्याजवळ देतो. घरी देवापाशी ठेवावी. वाचू नये."

 बाबांनी माझ्या हातातले कागद घेतले, घडी केली, वहीसोबत लाल फडक्यात बांधले आणि देव्हाऱ्यात ठेवले. मग पगडी उतरवून माझ्याकडे दिली. संध्याकाळी ताटावर बसले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. पाणी आणि तुळशीचं पान, बस.

मॅडमना फोन लावला तेव्हा त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, या वेळी मी नीट ऐकलं. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ वेगळं लिहीत नाहीत. सुत असेल तर लेकरू, सूत असेल तर धागा. 'देऊन' म्हटल्यामुळे दिला की दिलं, तेही कळत नाही. माळ्याच्या घरी सूत कातत असतील, अकोल्याला कोणा व्यापाऱ्याला पोचवलं असेल, हात हलके झाले असतील. होऊ शकतं. दुसरंही होऊ शकतं. कागदावरून मी सांगू शकत नाही, ताई.

मी धावत बाबांकडे आले. बाबा, ते सूत असू शकतं, धागा, मीच चुकीचं वाचलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मायेने पाहिलं.

"आता तू मले वाचवाले सूत कातून राहिली," ते म्हणाले.

नंतर, हळूहळू, त्यांनी मला सांगितलं की त्यांना काय खुपतं आहे. लेकरू कोणी दिलं हा प्रश्न आहेच. पण त्याहून मोठं असं की बायकोने दिलं म्हणून ते साठ वर्षं मांडवातून सांगत आले. तिला उभं केलं लोकांसमोर आणि म्हटलं, हिचं काळीज लहान. नवऱ्याने पोर गाडीतून उतरवून दिलं असेल आणि ही बाई घरी वाट पाहत बसली असेल, की दोघं गेले आहेत, निदान पोर तरी परत येईल. "अन् मी तिच्या नावानं बायाले रडवलं, शालू. माह्या तोंडात आता घास कसा जाईन?"

डॉक्टर आले, म्हणाले या वयात सलाईन लावावं लागेल. बाबांनी हात पांघरुणात ओढून घेतला. भाऊ रागावला, वहिनी रडली. मी देवासमोर बसले आणि पहिल्यांदाच मला काही मागता येईना. ज्या नामासाठी पणजोबा गेले, ज्या नामावर बाबा जगले, त्याच्याकडे मी काय मागू? एक शब्द दीर्घ करून दे म्हणू?

सहाव्या दिवशी सकाळी मी अकोल्याच्या एसटीत बसले. देवमनचा मुलगा तिथे आहे, गोवर्धनकाका. वय ब्याऐंशी, भाजीबाजारात अजून पालक-मेथी घेऊन बसतात. लग्नाकार्याला भेट व्हायची, तेवढीच. मूर्तिजापूर येईपर्यंत माझं ठरलं होतं. काकांना खरं विचारायचंच नाही. पाया पडायचं आणि मागायचं, की बाबांजवळ येऊन फक्त इतकं म्हणा, धागा होता. जन्मात मी खोटं बोलले नाही असं म्हणत नाही. पण दुसऱ्याला खोटं बोलायला सांगायला निघाले होते, तोंडाने विठ्ठल विठ्ठल म्हणत.

काकांनी मला लांबूनच ओळखलं. मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होते.

"ये वं, कीर्तनवाली. काहून आली? कोनी गेलं का?"

"अजून नाई, काका."

त्यांनी मला रिकाम्या टोपलीवर बसवलं, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. गिऱ्हाईक येत होतं, ते जुड्या देत होते, मान माझ्याकडे नव्हती, पण ऐकत होते ते मला कळत होतं. शेवटी मी म्हटलं, काका, तुमच्या पायाची धूळ होते, पण सूत म्हणा.

ते हसले. हसण्यात काही चांगलं नव्हतं.

"शंभर वर्सं झाले. तुमच्या घरातून एक मानूस आलं का कधी इचाराले, का बा देवमन, तू इथं कसा आला? तुमाले आख्यान माईत होतं ना. मंग इचारता कायले?"

 मग त्यांनी विचारलं, दादा खरंच सहा दिवस जेवले नाही? मी हो म्हटलं. ते बराच वेळ जुड्यांच्या काड्या मोडत राहिले. बाजारात शेजारी बसणाऱ्या बाईला म्हणाले, माझा माल पाहून घे, मी अमरावतीला जाऊन येतो. ती म्हणाली, दुपारी भाव पडन, बुढ्या. पडू दे म्हणाले.

एसटीत मी पुन्हा विषय काढला. त्यांनी खिडकीबाहेर पाहत सांगितलं, चूप राह्य जरा.  ते खोटं बोलतील की नाही हे मला बडनेरा आलं तरी कळलं नाही.  म्हातारा माणूस सहा दिवसांचा उपाशी, आणि मी त्याच्याकडे औषध नेते आहे की विष, हे न कळता मी नेत होते.

चार वाजता घरी पोचलो. बाबा भिंतीकडे तोंड करून निजले होते. काका खाटेच्या कडेला टेकले आणि नुसतंच म्हणाले, दादा, मी गोवर्धन. बाबा वळले. उठायला गेले, उठवेना, मी पाठीला उशी लावली.

त्यांनी रामराम केला नाही की बरं आहे का विचारलं नाही. सरळ म्हणाले, "सुत का सूत?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले, पदराआड, बाबांना दिसू नये असे.

"पोरगाच होता, दादा," काका म्हणाले.

सीमावहिनीने तोंडावर हात ठेवला. बाबा मात्र हलले नाहीत. काका सांगत गेले, भाजीचा भाव सांगावा तसं. देवमनला आठवत होतं सगळं. बापासोबत गाडीत बसला, बापाने सांगितलं होतं की मावशीकडे जाऊन दोघांनी परत यायचं. एक रात्र मावशीकडे निजला. सकाळी सगळे स्टेशनवर गेले. त्याला वाटलं, आता घरी. बापाने त्याला बाकावर बसवलं, हातात गूळ-दाणे दिले, म्हणाला बस, मी पाणी घेऊन येतो. आणि पलीकडच्या गाडीत चढला. गाडी सुटल्यावर मावशीने त्याला उचललं. वच्छला महिन्याभराने अकोल्याला आली होती त्याला न्यायला, पायी निघून, वाटेत कोणाच्या बैलगाडीत बसून. मावशीच्या नवऱ्याने दारातून परत पाठवलं. दिलेलं पोर परत मिळत नसतं म्हणाला.

"माहा बाप मराच्या आधी दोन रोज एकच बोलत होता," काका म्हणाले. "मले कोनी इचारलं नाई. बस, येवढंच. मले कोनी इचारलं नाई."

 मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. वाटलं, आता हा माणूस डोळे मिटेल आणि उघडणार नाही. पण त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी कीर्तनात पाहिलं होतं, समोरच्या माणसाला काही विचारायच्या आधी ते असे थांबायचे. फरक इतकाच, तेव्हा उत्तर त्यांना आधीच ठाऊक असायचं.

"तुह्या बापाले कोनी इचारलं नाई," बाबा म्हणाले. "मी तुले इचारतो, गोवर्धन. खरं सांग. मी आता कीर्तनाले उभा राहू का नोको?"

मला सुटल्यासारखं झालं. असा प्रश्न विचारला की माणूस काय म्हणणार, राहा म्हणणार. दादा, झालं गेलं, आता खरं सांगा लोकांना, वच्छलेची माफी मागा, उभे राहा. कोणीही हेच म्हणालं असतं. मी मनात पुढच्या सप्ताहाचा हारही ओवायला घेतला.

काकांनी घाई केली नाही.

"नोको राहू," ते म्हणाले.

बाबा ऐकत होते.

"मी एकडाव आयकलं तुह्यं, आकोल्याले. मधूनच उठून गेलो. तू लय गोड गाते, दादा. म्हनूनच म्हनतो, नोको. गोड गायलं का लोकायले खरं वाटते. तू उद्या खरं सांगशीन, तेबी गोडच होईन. बाया रडतीन, घरी जातीन. माह्या बापाले न भेटलेलं ते पानी तुह्या चालीत जाऊ देऊ नोको."

मी काहीतरी बोलायला गेले. बाबांनी बोट वर करून मला थांबवलं. कीर्तनात टाळकऱ्यांना थांबवायचे तसंच.

"बरं," ते म्हणाले.

"आता जेव," काका म्हणाले. "मीबी सकाळपासून चहावर हावो."

वहिनीने ज्वारीची भाकर दुधात कुस्करून आणली. बाबांनी वाटी घेतली. काकांनी वाटीखाली आपला हात धरला. पहिला घास गिळायला त्यांना फार वेळ लागला. मग दुसरा. निम्मी वाटी संपली. सहा दिवस मी हेच मागत होते, आणि मिळालं होतं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला डोकं टेकून रडले. काकांना घालायच्या भाकरीचं पीठ मळत वहिनी म्हणाली, ताई, आता काहून रडता, खाल्लं ना त्यायनं. तिचं बरोबर होतं. 

मी देवावर रुसले नाही. पण आठ-दहा दिवस त्याच्याशी बोललेही नाही. मला वाटायचं, गोवर्धनकाकांनी बाबांचं कीर्तन तोडलं ते कशासाठी? गाणाऱ्याच्या चुकीपायी गाणं का बंद पडावं? आणि मग ते बाकावरचं पोर डोळ्यासमोर यायचं, हातात गूळ-दाणे, गाडीकडे पाहणारं, आणि माझा प्रश्न मलाच लाजवायचा. बाबांनी याबद्दल एक शब्द काढला नाही. सकाळी ओसरीवर फुलांच्या पाट्या निवडतात. भाकर खातात. कोणी चाल गुणगुणली तर उठून वावराकडे जातात.

चैत्रात नांदगाव खंडेश्वरची मंडळी सप्ताहाचं आमंत्रण घेऊन आली. दरवर्षी काल्याचं कीर्तन बाबांचं असतं. बाबा आतच बसून राहिले, मला म्हणाले, तू सांग. मी ओसरीवर गेले आणि सांगितलं की बाबा आता उभे राहत नाहीत.

मंडळी हळहळली. त्यातल्या म्हाताऱ्या विणेकऱ्याने काळजीने विचारलं, गळ्याला काही झालं का?

"नाई," मी म्हटलं. "गळा चांगला आहे."

ते उभेच राहिले, मी आणखी काही सांगेन म्हणून. मी त्यांना पाणी दिलं आणि आत आले.